धामणीचा डूख

मी धामण बोलतेय. दचकू नका, तुमच्याहून मीच जास्त दचकते. पाऊल वाजलं तरी अंग आकसतं. माझ्या दातांत विष नाही. राग मात्र आहे, तो एकाच माणसासाठी राखून ठेवलाय.

सौसरजवळ रामाकोना गावात केशवरावांच्या संत्र्याच्या बागेत मी जन्मले. केशवरावांनी काठी उचलली की त्यांची बायको अंबाबाई म्हणायच्या, "राहू द्या न तिले. उंदरं खाते, तुमचं काय खाते?"

मग चेतन आला. टीव्हीवरचा वन्यजीवरक्षक. पहिल्यांदा त्याने मला कुणाच्या न्हाणीतून अलगद उचलून नाल्याकाठी सोडलं. तेव्हा मलाही तो देवमाणूस वाटला होता. पुढे कार्यक्रम गाजला. रोज नवा साप कुठून आणणार? त्याने मला पुन्हा पकडलं आणि बरणीत कोंडलं. आधी लोकांच्या घरात लपवायचं, मग कॅमेऱ्यापुढे माझी 'सुटका' करायची. पाणी द्यायला तो विसरायचा. झाकणावर घासून घासून माझं नाक सोललं.

आज बोरगावला थेट प्रक्षेपण होतं. "ही जहाल नागीण. चावली तर तासाभरात माणूस जातो," असं सांगत त्याने मुका घ्यायला मला तोंडाजवळ नेलं.

मी याचीच वाट बघत होते. त्याच्या नाकालाच चावले.

"सापालेबी घ्या संगं," मयूर नावाचा गडी ओरडला. "डॉक्टरनं पाह्यलं तं बरोबर सुई भेटंल." इकडे रीतच तशी. मी परत बरणीत.

"अरे, घरी चला, काही होत नाही," चेतन गाडीत विनवत होता.

"काहून भाऊ?" मयूर म्हणाला. "तासाभरात मानूस जाते म्हून तुम्हीच तं सांगून राहिले होते."

सौसरच्या दवाखान्यात डॉक्टर जयश्रींनी बरणीत डोकावून पाहिलं, मग त्याच्याकडे. "तज्ज्ञ तुम्ही. नागीण असेल तर सुई देते, नसेल तर नुसती पट्टी. उगाच दिली तर ती सुईच जिवावर बेतते. कोणता साप?"

दारात मोबाईल उंचावलेले. मयूरच्या हातात काठी. डॉक्टरांचं पाहून झालं की तो मला नागीण समजून ठेचणार होता. माझा जीव चेतनच्या जिभेवर टांगलेला. आणि तो नाकावर रुमाल दाबत बसलेला.

डॉक्टरांनी सुई भरायला घेतली.

"धामण," तो पुटपुटला.

"जोरात सांगा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने जोरात सांगितलं. मयूरने काठी खाली केली आणि आपलाही मोबाईल वर धरला.

आता मला बागेत सोडायला न्यायचंय म्हणतात. कुणीही न्या, चेतन नको. एवढं विनवते. आणि तो बाजारात भेटला तर नाकाला काय झालं ते विचारा. रोज विचारा.