बारावी वस्ती

"माणूस घर विकत घेतच नसतो. तो शेजार विकत घेतो, हवा विकत घेतो, उरलेल्या आयुष्याचा सूर विकत घेतो!"

एवढं बोलून मीटरवाले तोल जाऊन कपाटावर आदळले. एका पायावर उभं राहून मोजा चढवताना सिद्धान्त मांडू नयेत, हे त्यांना चौसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बायको पलंगावर पाय पसरून बसली होती. तिने हसायचेही कष्ट घेतले नाहीत.

"अकरा वस्त्या नापास केल्यात तुम्ही. एकीत कुत्री फार, दुसरीत कुत्र्यांचे मालक फार. आज पुन्हा नाही म्हणून आलात ना, तर मीच जाऊन सही करून येईन."

"जा की! चार मजले उतरून जा."

तोंडातून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. गुडघ्यांपायी पाच महिने तिने रस्ता पाहिला होता तो खिडकीतून. या इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून तर ही सगळी घरशोधणी. पण माफी मागायची सवय घरात दोघांनाही नसल्यामुळे ते दार आपटून निघाले.

दलालाने अकराला बोलावलं होतं. मीटरवाले मुद्दाम दहालाच पोचले. दलालासोबत पाहिलेली वस्ती म्हणजे पाहुण्यांसमोर आणून बसवलेलं मूल. खरे गुण नंतर दिसतात.

कोपऱ्यावरच्या शिंप्याला त्यांनी विचारलं, "वस्ती कशी आहे?"

"सोनं आहे, काका, सोनं!"

शेजारच्या औषधवाल्याने तर कमालच केली. "इथे कुणी आजारीच पडत नाही."

"मग तुमचं दुकान कशावर चालतं?"

औषधवाल्याने जरा विचार केला आणि सुटे पैसे मोजायला घेतले. त्याच्या पाठीमागे गुडघेदुखीच्या मलमांची छतापर्यंत भिंत उभी होती.

इमारत झकास होती. घर सहाव्या मजल्यावर होतं. लिफ्टच्या दारावर मात्र पाटी: देखभाल चालू आहे, क्षमस्व.

"फक्त आजच्या दिवस, साहेब," रखवालदार म्हणाला. "दुपारी चालू होईल."

"आजच बंद पडली?"

"आजच! तुमचं नशीब बघा."

दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावून परत फिरला असता. पण या गृहस्थांनी चौतीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचले होते. ते थेट जिन्याखालच्या मीटरांकडे गेले. लिफ्टच्या मीटरजवळ खिळ्याला कार्ड लटकत होतं. मीटर वाचायला येणारा दर महिन्याला त्यावर आकडा लिहितो. आठ महिने, आठ ओळी, कधी निळं पेन, कधी काळं. आकडा मात्र एकच. मीटरवाल्यांनी मीटर पाहिला. तोच आकडा.

त्यांचं टाळकं सणकलं. ते जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर त्यांना 'लबाड' सुचलं, दुसऱ्यावर 'नालायक', तिसऱ्यावर 'पोलीस'. चौथ्यावर धाप लागल्यामुळे काहीच सुचलं नाही. पाचव्यावर बायकोचा चेहरा आठवला आणि राग दुप्पट झाला.

सहाव्या मजल्यावर मालकीणबाईंनी दार उघडलं. चणीने एवढ्याशा, ऐंशीच्या घरातल्या. मीटरवाले अर्धं मिनिट नुसतेच धापा टाकत राहिले. त्याही थांबल्या. मग ते कडाडले.

"आठ महिने! आठ महिने लिफ्ट मरून पडलीय, आणि तुम्ही 'वयस्कर माणसांना सोयीचं' म्हणून घर विकताय? माझी बायको पाच महिने जिन्याची पायरी उतरली नाही! तिला चौथ्यावरून उचलून सहाव्यावर कोंडू? शिंपी खोटा, औषधवाला खोटा, रखवालदार खोटा, आणि त्यांच्या म्होरक्या तुम्ही! जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

जिनाभर आवाज घुमला. खाली दोन दारं उघडली आणि हळूच लागली.

दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून बाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, उद्याचं हवामान ऐकावं तसं.

"झालं, भाऊ?"

"नाही झालं!" मीटरवाले गरजले. पण पुढचं काही सुचेना. "झालं."

"म्हणजे आता खालीच जाणार ना?"

भिंतीला धरत धरत त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने तशाच बाहेर आल्या.

"ही कचऱ्याची पिशवी तेवढी न्याल का? परवापासून वर कुणी आलंच नाही."