दुसरा साक्षीदार

इतिहास मंडळाच्या ग्रंथालयात जुन्या फोटोतला माणूस ओळखायला दोन साक्षीदार लागत. नियम ग्रंथपालबाईंनीच केलेला, कारण एक आजोबा येऊन दिसेल त्या देखण्या पुरुषाला आपले वडील ठरवून जात.

त्या दुपारी टेबलावर ऊन पेंगत होतं. देणगीत आलेले फोटो चाळताना बाईंचा हात एकदम थांबला. याच इमारतीच्या पायरीवर पाचेक वर्षांची मुलगी उभी होती. फ्रॉकला चौकड्यांचा खिसा होता, वडिलांच्या फाटक्या शर्टातून आईनं शिवलेला. त्या खिशातल्या गारगोट्यांचा गारवा बाईंच्या तळहातात उतरला, आणि लांबून आईची हाक आल्यासारखं वाटलं.

"कोण हो ही?" शिपायानं विचारलं.

"मी."

त्यानं पेन्सिल पुढे केली. "मग लिहा की नाव."

"दुसरा साक्षीदार कुठून आणू?" आई गेली, थोरला भाऊही गेला. तो खिसा आठवणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"मी आहे ना."

"तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?"

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी फोटोमागे 'साक्षीदार एक' असं लिहिलं आणि स्वतःला अलगद अनोळखींच्या खोक्यात ठेवलं.