नॉर्मनचं अडखळणं

"माझी मु... मु... मुलगी," क्लिफ म्हणाला आणि चर्चच्या हॉलमधली सगळी मंडळी खो-खो हसली.

रोझलिंडच्या लग्नाचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. मुलीचा बाप म्हणून दोन शब्द बोलायला क्लिफर्ड अ‍ॅस्क्विथ उभा राहिला होता. नवऱ्या मुलाचे काका टेबलावर हात आपटत होते. टीव्हीवरचा नॉर्मन कोळसेवाला आपल्या लग्नात येऊन अडखळून दाखवतोय, याहून मोठा आहेर कुठला! मीही हसले. मग माझी नजर त्याच्या बायकोकडे गेली. विनी हसत नव्हती. तिनं टेबलावरच्या कापडाची कड मुठीत घट्ट धरली होती.

क्लिफनं ते वाक्य तीनदा सुरू केलं. तिसऱ्या खेपेला ते पुरं झालं. शेरीचा प्याला उंचावून तो खाली बसला. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.

नंतर मागच्या दारापाशी त्यानं मला गाठलं.

"डोरिन, तुला म्हणून सांगतो," तो म्हणाला. "मी नक्कल करत नव्हतो."

मी नुसता त्याच्या कोटाचा खांदा झटकला. अठरा वर्षं मी त्याचे कपडे सांभाळत होते, हात आपोआप तिकडेच गेला.

मी त्याला त्याच्याही आधीपासून ओळखत होते. शेफील्डच्या नाटक कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक उभं राहायचं आणि क्लिफ सोमवारी राजा, तर पुढच्या सोमवारी खुनी असायचा. हॅलिफॅक्सच्या गिरणीकामगाराचा हा पोरगा, पण कुजबुजला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जायचं. त्या आवाजासाठी लोक पुन्हा पुन्हा यायचे. मग रोझलिंड पोटात असताना विनी म्हणाली की आता गावोगावच्या भाड्याच्या खोल्या पुरे. नेमकं तेव्हाच मँचेस्टरहून टीव्हीचं बोलावणं आलं. 'टॅनरी रो' नावाच्या, एका गल्लीतल्या लोकांवरच्या मालिकेत नॉर्मन या कोळसेवाल्याचं काम होतं. तेरा आठवडे फक्त.

अडखळणं लेखकानं लिहिलेलं नव्हतं. ते क्लिफनंच आणलं. लहानपणीच्या शेजाऱ्याचं बोलणं त्याला आठवलं, ते त्यानं पहिल्या तालमीत सहज करून दाखवलं आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. महिन्याभरात अख्खा देश हसायला लागला. तेरा आठवड्यांची अठरा वर्षं झाली.

दर वसंतात तो निर्माते गॅरटसाहेबांना सांगायचा की हे शेवटचं वर्ष. दर वसंतात काहीतरी निघायचंच. कधी रोझलिंडची शाळा, कधी विनीची आजारी आई. एकदा लंडनच्या एका मोठ्या नाटक कंपनीनं त्याला सहा आठवड्यांसाठी मागितलं, तेव्हा गॅरटसाहेब अगदी प्रेमानं म्हणाले की त्या काळात मालिकेत नॉर्मनचं लग्न ठरलंय, नवरदेवाला कसं सोडणार? क्लिफ त्यावर हसलासुद्धा होता. क्लिफच्या वडिलांना पुरलं त्या दिवशी थडगं खणणाऱ्यानं बायकोसाठी सही मागितली. क्लिफनं स्वतःचं नाव लिहिलं. तो माणूस ओशाळून म्हणाला, "तिला हे कोण ते कळायचं नाही." क्लिफनं कागद परत घेतला आणि खाली 'नॉर्मन' लिहिलं.

रोझलिंडच्या लग्नानंतर त्यानं मला सगळं सांगितलं. वर्षभरापासून हे चाललं होतं. आधी फोनवर, मग खाटकाच्या दुकानात. सगळ्यात जास्त जीभ अडायची ती स्वतःचं नाव सांगताना. आणि प्रत्येक ठिकाणी लोक खूश होऊन हसायचे. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणाले. क्लिफचं म्हणणं होतं की त्या गल्लीतून बाहेर पडलो की जीभ सुटेल.

या वेळी त्यानं खरंच राजीनामा दिला. नॉर्मन ऑस्ट्रेलियाला भावाकडे गेला, असं पडद्यावर दाखवलं.

यॉर्कच्या एका लहान थिएटरात त्याला म्हाताऱ्या न्यायाधीशाचं काम मिळालं. निरपराध माणसाला फासावर चढवणारा हा न्यायाधीश शेवटी त्या माणसाच्या आईसमोर उभा राहतो. मी रजा काढून त्याचे कपडे सांभाळायला गेले. तीन आठवड्यांच्या तालमीत तो एकदाही अडखळला नाही. शेफील्डचा आवाज परत आला होता. विनी रोज मागच्या रांगेत बसून विणकाम करायची, आणि त्याचं शेवटचं भाषण आलं की सुया थांबायच्या.

पहिला प्रयोग बुधवारी दुपारी होता. थिएटर भरलं होतं. काळा झगा घालून क्लिफ आत गेला आणि तोंड उघडायच्या आतच लोक हसले. त्यात वाईट भाव नव्हता. घरचं माणूस बऱ्याच दिवसांनी दारात दिसावं, तसं ते हसणं होतं. मी पडद्याआडून पाहत होते. त्याच्या मानेची शीर ताठली आणि पहिलाच शब्द घशात अडकला. मग तर टाळ्याच पडल्या.

दोन अंक लोक हसत होते. शेवटी तो त्या आईसमोर उभा राहिला. "बाई, तुमच्या मु... मु..." पुढचा शब्द येईना. पुन्हा हशा पिकला. तो थांबला नाही, खाली मान घातली नाही. तोच शब्द पुन्हा, पुन्हा म्हणत राहिला. हळूहळू हसणं विरळ झालं आणि मग थांबलं. हा माणूस गंमत करत नाहीये, हे पाचशे लोकांना एकदमच कळलं असावं. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. त्या शांततेत क्लिफनं ते भाषण शेवटपर्यंत म्हटलं. दोन मिनिटांच्या भाषणाला अकरा मिनिटं लागली. पडदा पडल्यावर टाळ्या वाजल्या, पण कुठे पाहावं ते लोकांना कळत नव्हतं.

कपडे बदलताना तो म्हणाला, "त्यांना माझी कीव आली गं. त्यापेक्षा हसणं बरं."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी दुसरा नट उभा राहिला. पुढच्या महिन्यात गॅरटसाहेबांचा फोन आला. ऑस्ट्रेलियाची हवा नॉर्मनला मानवली नाही, असं ठरलं.

क्लिफनं आणखी नऊ वर्षं तिथं काम केलं. पुढे पुढे तो बाहेर बोलेनासाच झाला. दुकानात विनी बोलायची, फोन विनी घ्यायची. जिथं त्याच्या अडखळण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं अशी एकच जागा उरली होती, पुठ्ठ्याच्या भिंतींची ती गल्ली. स्टुडिओतल्या कुणालाच खरं ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी एक नवा तरुण दिग्दर्शक आला होता. एका दृश्यात नॉर्मन शेजारणीची चौकशी करतो, एवढंच होतं. एक ओळ. क्लिफला ती म्हणायला फार वेळ लागला. दिग्दर्शक घड्याळ बघत पुढे आला.

"क्लिफ, झकास होतं," तो म्हणाला. "फक्त अडखळणं जरा कमी कराल? भाग लांबतोय."

मी क्लिफची कॉलर नीट करत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो, क... करतो प्रयत्न," तो म्हणाला आणि पुन्हा खुणेच्या जागेवर जाऊन उभा राहिला.