धोंडुबाईनं न लिहिलेलं पत्र

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात तक्रारपेटी बसली आणि तिची किल्ली नानासोंकडे आली. नानासो पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता कारखान्याच्या गेटवरचे मुख्य. पेटीतली चिठ्ठी न उघडता पाकिटात घालायची आणि सांगलीला मालकीणबाईंच्या ऑफिसात पाठवायची, एवढंच त्यांचं काम. पेटी बसली त्याच दिवशी त्यांनी स्टुलावर चढून समोरचा कॅमेरा पार्किंगकडे वळवला. कुणी विचारलं असतं तर त्यांनी खरं ते सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

चार महिने पेटीत चॉकलेटच्या एका कागदाखेरीज काही पडलं नाही. मग एकदा चार घड्या घातलेलं पत्र निघालं. नानासोंनी ते पाठवून दिलं.

आठवड्याभरात सांगलीहून मॅनेजर दिग्विजय यांना फोन आला. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात राहिला तर ती जागच्या जागी थांबवणारे सेन्सर तुम्ही काढून ठेवलेत, हे खरं का? दिग्विजयनी साफ नाही म्हणून सांगितलं. खरं तर सेन्सर नसले की माल भराभर निघायचा, म्हणून त्यांनीच ते काढायला लावले होते. फोन ठेवल्या ठेवल्या ते पत्र लिहिणाऱ्याच्या मागे लागले.

त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. नानासोंनी लगेच दिलं. दिग्विजयनी दुपारभर बसून पार्किंगमधल्या मोटारसायकली बघितल्या. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की झाडलोट करणारी धोंडुबाई रोज त्या पेटीपाशी उभी असते. असायचीच; पेटी पुसायचं काम तिचंच होतं. संध्याकाळी तिच्या हातात बदलीचा कागद पडला. उद्यापासून लोणंदच्या गोदामात.

धोंडुबाई कागद घेऊन गेटवर आली. नानासोंनी वाचून दाखवला, कशाबद्दल तेही सांगितलं. म्हातारीला हसू आवरेना.

"आवं नाना, मला सही बी येत न्हाई. अंगठा उठवते मी. आन् मी पत्र लिवलं व्हय?"

हसून झाल्यावर मात्र ती गेटपाशीच खाली टेकली. तिच्या रहिमतपूरहून लोणंद म्हणजे रोज दोन गाड्या बदलायच्या, आणि तिचे गुडघे आधीच दुखरे. नानासोंनी तिला तीन दिवस रजा टाकायला सांगितलं आणि अर्जावर तिचा अंगठा घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रेसवर काम करणारी शिवांजली आली. रात्रभर झोपली नव्हती, हे डोळेच सांगत होते.

"नाना, म्हातारीचा काय दोष न्हाई. ते पत्र..."

नानासोंनी हात वर केला. "थांब पोरी. फुडचं मला सांगू नको. जे मला ठावंच न्हाई, ते माझ्याकडनं कोण काढून घेणार?"

"मग तिनं माझ्यापायी लोणंदला जायाचं?"

"न्हाई जायाची. उद्या माझी सुट्टी हाय. तवर तू तोंड उघडायचं न्हाई."

नानासो पहाटेच्या एसटीनं सांगलीला गेले. मालकीण गुणमालाताई पन्नाशीच्या. कारखाना त्यांचे सासरे बाळगोंडा यांनी उभा केलेला. नानासोंनी उभ्या उभ्याच सांगितलं. पत्रात काय होतं ते आपल्याला माहीत नाही, लिहिलं कुणी तेही नाही. पण लिहिणाऱ्याची शोधाशोध चालली आहे आणि एक निरपराध बाई त्यात सापडली आहे. असंच चाललं तर पेटीत परत कागद पडणार नाही.

गुणमालाताईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "सासऱ्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, नाना. दोन प्रेसखाली गेली. वीस वर्षं त्यांना जेवण वाढलंय मी. आणि ज्याच्याबद्दल तक्रार, त्यालाच मी फोन लावला. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला त्यांची गाडी गेटवर होती. केबिनकडे न जाता त्या थेट प्रेसपाशी गेल्या, ऑपरेटरला बाजूला केलं आणि एक लांब लाकडी पट्टी आत धरली. सेन्सर असता तर प्रेस थांबली असती. प्रेस खाली आली आणि पट्टीचे दोन तुकडे झाले. ताईंनी सगळ्या प्रेस बंद करायला लावल्या. दुपारपर्यंत दिग्विजय यांच्याकडचा कारभार काढून घेतला होता आणि धोंडुबाईची बदली रद्द झाली होती.

सगळ्यांना एकत्र बोलावून ताई म्हणाल्या, "पत्र कुणी लिहिलं ते मला नको आहे. या कारखान्यात दुसऱ्या कुणीही ते विचारायचं नाही. विचारलं, तर त्याला आधी मला तोंड द्यावं लागेल."

मग मागून शिवांजली उठली. "मी लिवलं ताई. आता सांगायला काय भ्या न्हाई."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळी शेड वाजायला लागली. नानासोंना उगाचच टोपी सारखी करावी लागली. रजेवरून बोलावून आणलेली धोंडुबाई तेवढी जरा हिरमुसली, कारण दोन दिवसांत आख्ख्या रहिमतपुरात पत्र लिहिणारी म्हणून तिचा बोलबाला झाला होता आणि तिनं तो खोडून काढला नव्हता. शिवांजलीनं तिच्या गळ्यात हात टाकून सांगितलं, की गावात हाय तसंच राहू दे.

सेन्सर परत बसायला चार दिवस लागले. पगार चालू आणि प्रेस बंद. चौथ्या दिवशी दुपारी बायकांनी शेडमागच्या मोकळ्या जागेत फुगड्या धरल्या. सेन्सर बघायला आलेल्या गुणमालाताईंनाही ओढलं. पदर खोचून त्या धोंडुबाईसमोर उभ्या राहिल्या, आणि गुडघे विसरून म्हातारीनं त्यांना अशी गरगर फिरवली, की दोघी हसत हसत खालीच बसल्या. गेटवर मालाचा ट्रक हॉर्न वाजवत होता. नानासोंना तो ऐकू यायला बराच वेळ लागला.