शेषनागाचा फेस

कनेरगाव नाक्याजवळच्या त्या पत्र्याच्या शेडपुढं सकाळी सहालाच एवढी गर्दी व्हायची, की आत जणू सरकार फुकटात घरकुलं वाटून राहिलं. बायांच्या हातात दुधाची चरवी, कडेवर लेकरू. आत गादीवर दत्तप्रसाद महाराज, त्यांच्या पाठीशी भगवा पडदा आणि पडद्याआड, म्हणे, साक्षात शेषनाग. महाराज पेल्यात दोन बोटं दूध ओतायचे, पेला पडद्याआड न्यायचे, आतून फुस्स करून फूत्कार यायचा आणि पेला बाहेर निघायचा तो काठोकाठ भरलेला. वर पांढराशुभ्र फेस, फेसावर चिमूटभर तपकिरी अंगारा. बाया तिथंच डोकं टेकायच्या.

“दोन बोटांचा पेला झाला का न्हाई?” महाराज विचारायचे. “नागानं फुंकर घातली. आता ह्यात चार पेल्यांचं बळ हाय. तीन महिने लेकराला दुसरं काही देऊ नका. अंगाऱ्याला अन्नाचा विटाळ होतो.”

अन्नाचा विटाळ! लेकराच्या तोंडचा घास काढून घ्यायचा आणि वर त्यालाच सोवळं म्हणायचं. आणि लोक मान डोलवायचे.

ही २००२ सालची गोष्ट. जवळच्या गावात करुणा नावाची बाई अंगणवाडी चालवायची. बौद्धवाड्यातली, बारावी शिकलेली, बोलायला मऊ पण कामाला चोख. दर महिन्याला लेकरांना काट्याच्या झोळीत बसवायचं, वजन घ्यायचं आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा, हे तिचं काम. त्या चैत्रात तिच्या तक्त्यावरचे ठिपके एकामागून एक खाली सरकायला लागले. सगळ्यांत जास्त सरकला तो रागिणीचा. पोरगी दीड वर्षाची. आधीच्या महिन्यात आठ किलो होती, आता सात किलो चारशे.

रागिणी म्हणजे जनकाबाईची नात. घरात सहा दुभत्या शेळ्या, मुलगा रामकिशन मेंढरं घेऊन रानात, सून सिंधूबाई दुसऱ्यांदा पोटुशी. सुनेचं अंगावरचं दूध आटलेलं, म्हणून पोरगी शेळीच्या दुधावर आणि भाकरीच्या काल्यावर वाढत होती. आता हे दूध जायचं कुठं, तर शेडमध्ये, आणि पोरगी नुसत्या प्रसादाच्या पेल्यावर. ह्या घरांची जुनी रीत अशी, की धार काढताना पहिली धार देवाची म्हणून भुईवर सोडायची, मग भांडं लावायचं. महाराजांनी ही रीत बराबर हेरली. भुईवर काहून सांडता, मला आणून द्या, इथून सुरुवात झाली आणि महिन्याभरात पहिली धार म्हणजे सकाळची अख्खी चरवी झाली. देवाची धार कमी करायची कुणाची छाती होती?

करुणानं जनकाबाईला घरी जाऊन सांगितलं, की पोरीला वरण द्या, काला द्या, दूध घरातलंच पाजा. जनकाबाई हसली. पोरगी कशी तरतरीत झाली ते बघ म्हणाली, रात्ररात्र झोपत न्हाई, खेळून राहिली, भूकसुद्धा मागत न्हाई. महाराजांचं बळ दुसरं काय असतं?

ह्याचं उत्तर करुणाला सापडलं ते हिंगोलीत, मावसभावाच्या लग्नात. मंगल कार्यालयाच्या दारातच एका टेबलावर पितळी यंत्र ठेवलेलं, आणि त्यातून अगदी शेडमधल्या शेषनागासारखा फूत्कार. करुणा जागेवरच थांबली. बाबूसिंग नावाचा माणूस पेल्यात दोन बोटं दूध घ्यायचा, यंत्राची नळी त्यात बुडवायचा, वाफ सोडायचा आणि पेला फेसानं वर यायचा. वर कॉफीची पूड. करुणानं खोदून खोदून विचारलं. बाबूसिंग मोकळा माणूस, त्यानं सगळं सांगितलं. वाफेनं दुधात हवा भरते, बाकी काही नाही. दूध चांगलं घातलं तर पेल्यात तेवढ्या दुधाचं बळ येतं. पाणी आणि चहात टाकायची पांढरी पावडर घातली तरी पेला दिसायला तसाच, पण आत तेल, साखर आणि नावाला दूध. कॉफीनं झोप उडते, भूक मरते.

“बहेनजी, इसमें आधे से ज़्यादा तो हवा है,” तो म्हणाला. “बड़ों के लिए ठीक है. बच्चे का पेट हवा से कैसे भरेगा?” गेल्या साली असंच एक जुनं यंत्र नाक्याकडचा एक गादीवाला महाराज घेऊन गेला, हेही त्यानंच सांगितलं.

करुणाला कळलं. आणि कळून ती गप्प बसली. महिनाभर. तुमच्या वाड्याला आमचे देव पहिल्यापासून खुपतात, असं कुणीतरी म्हणणार, मग लेकरं अंगणवाडीत येणं बंद होणार, ह्याचं तिला भ्या होतं. ती आडून आडून सांगत राहिली. पुढच्या वजनाला रागिणी झोळीत बसली तेव्हा काटा सहा किलो चारशेवर थांबला. पाय सुजलेले, मान टाकलेली. त्याच दिवशी रामकिशन आणि सिंधूबाई तिला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा काटा खांद्यावर घेऊन शेडपुढं उभी राहिली. सोबत सारख्या मापाच्या दोन स्टीलच्या बादल्या. अंगणवाडीच्या लेकरांना वाटायला बादलीभर प्रसाद हवा, असं तिनं हात जोडून सांगितलं. महाराज खुलले. सरकारी बाईच दारात आली म्हटल्यावर त्यांनी शेषनागाला चांगला अर्धा तास फुंकर घालायला लावली आणि बादली तुडुंब भरून दिली. दुसऱ्या बादलीत करुणानं रांगेतल्या बायांच्या चरव्यांमधलं दूध काठापर्यंत ओतून घेतलं. मग शेडपुढच्या बाभळीला काटा टांगला.

दुधाची बादली अडकवली. काटा सहा किलोच्या पुढं गेला. प्रसादाची अडकवली. दोन किलोसुद्धा भरेना.

गर्दी कुजबुजायला लागली. महाराज उठून आले, प्रसाद बाटवला म्हणाले, नाग कोपेल म्हणाले. करुणानं प्रसादाची बादली उतरवून सगळ्यांपुढं भुईवर ठेवली. बादलीतला फेस हळूहळू बसला आणि तळाशी उरलं चार-पाच बोटं राखाडी, गोडूस पाणी. तेव्हा जनकाबाई रांगेतून निघाली, सरळ आत गेली आणि तिनं पडदा ओढून काढला.

आत पितळी यंत्र, पांढऱ्या पावडरच्या गोण्या, साखर, कॉफीचे डबे. आणि भिंतीशी ओळीनं मांडलेले, बायांच्याच दुधानं भरलेले कॅन, खव्याच्या भट्टीकडं निघायला तयार. जनकाबाई एका कॅनवर हात ठेवून खाली बसली. “माझ्या शेळ्यांचं दूध,” एवढंच म्हणाली. तोवर महाराज मागच्या दारानं जीपमध्ये बसून गेले होते.

रागिणी चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारली. जुलाब लागले आणि झेलायला अंगात काही उरलंच नव्हतं.

माती झाल्यावर करुणा त्यांच्या घरी गेली. सिंधूबाई भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून. करुणानं सगळं नीट सांगितलं, यंत्र, वाफ, पावडर. पुढच्या लेकराला असं होऊ देऊ नका म्हणाली. पेला भरलेला दिसला म्हणून पोट भरत नाही, कुणी चमत्कार सांगितला तर आधी मोजून बघा, आत काय घातलं ते विचारा. सिंधूबाईनं मान हलवली. मग तिनं विचारलं,

“ताई, तुला हे कधी कळलं?”

करुणाला खोटं बोलता आलं असतं. “लग्नाला गेले होते तव्हा,” ती म्हणाली. “महिना झाला.”

“मग तव्हाच काहून न्हाई सांगितलं?”

“भ्याले.”

सिंधूबाई रागावली नाही, रडली नाही. “आमी येडे होतो,” ती म्हणाली. “तुला तर कळत होतं.”