शाळेसमोरचा फ्लॅट

आखातातल्या आमच्या या शहरात, सलवा भागातल्या भारतीय शाळेसमोरच्या इमारतीतला एक फ्लॅट रिकामा होणार, ही बातमी दुसऱ्या टोकाला आमच्या जहरात पोचायला एक संध्याकाळ पुरली. शेजारी आजारी पडला तर आम्हाला पत्ता नसतो, पण शाळेजवळचं घर म्हटलं की कान लगेच टवकारतात. त्या चार गल्ल्यांत लिफ्ट चालो न चालो, नळाला पाणी येवो न येवो, शाळेची घंटा ऐकू आली की घर उत्तम! मालकही हे ओळखून आहेत. तिथल्या भिंतींना रंग लागलेला मी कधी पाहिला नाही.

मी या वेडाला हसायचो. मग शाळेने, जहराहून मुलं कमी येतात म्हणून, नव्या सत्रापासून आमची बस बंद केली आणि माझं हसू आटलं. गाडीचं लायसन्स ना मला, ना विशाखाला. ती हॉस्पिटलात नर्स, तिला स्टाफची बस कुठूनही मिळते. माझ्या क्लिनिकची एक शाखा सलवातही आहे आणि तिथे एक्स-रे काढायला माझ्यासारखा माणूस हवाच होता. अडलं होतं ते फक्त घरावर. घर नाही मिळालं तर चौथीतली आमची अक्षरा साताऱ्याला प्रभामावशीकडे राहणार, असं ठरलं होतं. विशाखाने बॅगही काढून ठेवली होती. मी रोज त्या बॅगेला वळसा घालून जायचो.

फ्लॅट रत्नागिरीच्या रबियाभाभींचा. त्यांची धाकटी मुलगी शाझिया बारावी झाली, आता ती मंडळी मंगाफ भागात भाभींच्या नवऱ्याच्या दुकानाजवळ जाणार होती. इमारतीचा मालक ऐकतो हारिसचं, म्हणजे तिथल्या राखणदाराचं, आणि तो इजिप्शियन हारिस, यासिर, ऐकतो भाभींचं. थोरल्या मुलाच्या नावावरून तो त्यांना ‘उम्म इद्रीस’, म्हणजे इद्रीसची आई, म्हणतो, तेही असं अदबीनं की मला वाटलं एखादी मोठी अधिकारी बाईच असणार.

दुपारच्या सुट्टीत मी टॅक्सीने गेलो. दार सताड उघडं आणि बाहेर लहान बुटांचा ढीग. शाळा नुकतीच सुटली होती. हॉलमध्ये घामेजलेली मुलं सतरंजीवर बसून डाळभात खात होती. भाभी ट्यूशन घेतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं. सोफ्यावर जहरातलाच बँकेतला स्वानंद बसला होता, मांडीवर मिठाईचा खोका घेऊन. त्याचा नचिकेत अक्षराच्याच बसमधला. घरात काय काय सुधारणा करू, हे तो सांगत होता. नवं किचन, पडदे, हॉलमध्ये मोठा टीव्ही. माझ्या हातात काहीच नव्हतं. आधीच चिडलो होतो, आणखी चिडलो.

भाभींनी वाढता वाढता विचारलं, “दुपारचे तुमी खंय असता, शरदभाऊ?”

झालं. दुखऱ्या नसेवरच बोट! विशाखाने पढवलेलं सगळं गोड बोलणं मी विसरलो. “दुपारी? माझी स्प्लिट ड्युटी आहे, भाभी. बाराला हाकलतात, पाचला परत बोलावतात. मधल्या वेळात ना धड झोप, ना धड काम. इथे राहायला आलो तरी रोज दुपारी घरात बसून भिंतीच बघणार!”

स्वानंद गालात हसला. भाभींचा डाव हवेत थांबला, मग त्यांनी एका मुलाला भात वाढला. घर मागायला आलेल्या माणसाने स्वतःचं रडगाणं गावं, हा गाढवपणा माझ्याच हातून व्हायचा होता. घरी येऊन मी विशाखाला खरं ते सांगितलं. तिने अक्षराचे स्वेटर बॅगेत ठेवले.

पण आठवड्याने यासिरचा फोन आला, चावी घेऊन जा म्हणून. मला खरंच वाटेना. भाभींसमोर उभा राहिलो तेव्हा एवढंच विचारता आलं, “मलाच का?”

“घर काय, सगल्यांनाच पायजे,” त्या म्हणाल्या. “ही पोरां ट्यूशनची नाय हो. आईबाप चारपर्यंत कामावर, नि ही गेटवर उन्हात उभी ऱ्हायची. शाझिया केजीत होती तवापासना दुपारी दार उघडाच ठेवलाय. जो आला त्याला मी एकच विचारला, दुपारचे खंय असता? समदे हापिसात. घरात बसणारे तुमी एकलेच गावलात.”

ज्या ड्युटीला मी रोज शिव्या देतो, तिनेच मला घर दिलं होतं. आणि ही बाई! अख्खी सलवा एका घरासाठी रांगेत उभी असताना तिने घराला शोभेल असा माणूस नाही, दुसऱ्यांच्या मुलांना उघडं दार शोधलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तिने हातात चावी आणि डाळीचं मोठं पातेलं दिलं, त्यामुळे वाकताच आलं नाही.

सप्टेंबरमध्ये सत्र सुरू झालं. पहिल्या दुपारी मी दार उघडून, डाळभात करून बसलो. भात जरा करपलाच. घंटा झाली. अक्षरा आली, तिच्यामागे ओळखीची-अनोळखी मुलं आली. “बूट बाहेर. आधी तोंड धुवा,” मी भाभींसारखं म्हणून पाहिलं. अक्षराने “बाबा, प्लीज!” म्हणून डोळे फिरवले.

सगळ्यांत शेवटी नचिकेत आला. उंबऱ्याबाहेरच थांबला, बूट घालूनच.

“ये की,” मी म्हटलं.

“अंकल, हे रोज ओपन असणार?”

“रोज.”

“शुअर? पप्पा म्हणाले, मॉर्निंगला ते कारने सोडतील, पण दुपारी मला ठेवायला कुणी नसेल तर मला नागपूरला जावं लागेल. माय बॅग इज पॅक्ड.”

स्वानंदच्याही घरात एक बॅग भरून ठेवलेली होती. त्या मिठाईच्या खोक्यामागे ती मला दिसलीच नव्हती. मी खाली बसलो आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागलो.

“पप्पांना सांग,” मी म्हटलं, “बॅग रिकामी करा.”