खोटी ठरलेली किल्ली

वजनमापांच्या कार्यालयातल्या सगळ्या दारांना कार्डावर किंवा आकड्यांवर उघडणारी कुलपं बसवून झाली होती. उरलं होतं एकच दार, तळमजल्यावरच्या लोखंडी खोलीचं. ते अकरा वर्षं उघडलंच नव्हतं. आतला मूळ वजनांचा संच आतच अडकला होता आणि कार्यालयाने नवा मागवून काम भागवलं होतं. आता खोली हवी होती, म्हणून चार वाजता दार कापायला कटरवाला येणार होता.

कुलपं बसवणारी तंत्रज्ञ सकाळपासून या दारापाशी घुटमळत होती. तीस वर्षं या खोलीची किल्ली तिच्या वडिलांच्या गळ्यात होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती चारचौघांत कुलपात घातली आणि ती फिरली नाही. वजनं लांबवून किल्ली बदलल्याचा आळ सिद्ध झाला नाही, पण पुसलाही गेला नाही. नोंदवहीत ‘किल्ली बनावट’ असा शेरा पडला. दार कापलं की कुलूप भंगारात जाणार आणि शेरा तेवढा मागे राहणार. म्हणून तिने वडिलांना बोलावून घेतलं होतं.

“मला कशाला आणलंस? एकदा झाली ती फजिती पुरे नाही का?” स्टुलावर टेकत बाबा म्हणाले.

“मॅडम, साडेतीन झाले,” साहेब घड्याळ दाखवत म्हणाले. हे साहेब नवे होते. जुनं सगळं त्यांना नोंदवहीतूनच ठाऊक होतं. “तुमच्या हाताने उघडतंय का बघा.”

नोंदवहीसोबत ठेवलेली ती जुनी किल्ली तिने कुलपात घातली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली, पाव फेरा फिरली आणि भिंतीला धडकल्यासारखी थांबली.

“बाबा, त्या दिवसाच्या आधी कधी अशी अडली होती?”

“एकदाही नाही. दुसऱ्याच्या हातात दिली तर अडेल ना! अंघोळीलासुद्धा गळ्यात असायची. तुझी आई म्हणायची, ही माझी सवत.”

“आणि तुमच्या आधीच्या किल्लीवाल्याने काही सांगितलं होतं?”

“जपून ठेव म्हणाला. मी ठेवली.”

तिचा हात किल्लीवर तसाच राहिला. सकाळीच वरच्या मजल्यावरच्या कारकुनाने आकड्यांच्या कुलपावर तीनदा चुकीचा आकडा दाबला होता. मग कुलूप खरा आकडाही घेईना. ‘बरोबर घालतोय तरी नाही म्हणतंय!’ म्हणून तो तिच्यावरच उखडला होता. चुकीचा हात लागला की हे कुलूप खऱ्या माणसालाही आधी अडवतं, हे त्याला समजावताना तिच्या नाकी नऊ आले होते.

यालाही कुणाचा चुकीचा हात लागला असेल तर?

तिने किल्ली मागे आणली, मूळ जागेवरून आणखी मागे, उलट्या अंगाला नेली.

“अगं, उलटी नको, मोडेल!” बाबा ताडकन उठले.

आत कट्ट झालं, बोट मोडावं इतकंच. तिने किल्ली सुलट फिरवली. दाराच्या पोटात हाताएवढे जाड अडसर एकामागोमाग एक सरकले आणि ते अजस्र दार तिच्या एका हाताने उघडलं.

आत पितळी वजनं आपापल्या खाचांत बसलेली होती. बाबांनी बोटाने सगळी मोजली. एकही कमी नव्हतं.

तिने दाराच्या आतल्या बाजूचे चार स्क्रू काढून कुलपाचं झाकण उतरवलं. सहा पितळी पट्ट्या आणि त्यांच्या शेजारी नखाएवढी एक स्प्रिंग.

“खोटी किल्ली एखादी पट्टी जास्त उचलते,” ती हळू आवाजात म्हणाली, “आणि ही स्प्रिंग ती पट्टी वरच पकडून ठेवते. मग खरी किल्लीही चालत नाही. ती उलटी फिरवली तरच पट्टी सुटते. मालकाला कळावं म्हणून, की मागे कुणीतरी येऊन गेलंय.”

“म्हणजे निवृत्तीच्या आधी कुणीतरी...” साहेब कुलपाकडे वाकले. “कोण?”

“ते हे सांगत नाही. माझी कुलपं नाव सांगतात, मिनिटासकट. पण त्यांची वीज दोन दिवस गेली की तीही मुकी. याला अकरा वर्षांत तेलाचा थेंब मिळाला नाही, साहेब. तरी याने ती पट्टी सोडली नाही.”

“तीस वर्षं रोज उघडलं मी हे,” बाबा म्हणाले. “मला पत्ता नाही.”

“कसा असेल? त्या शेवटच्या खेपेपर्यंत तुमच्या राज्यात एकदाही खोटी किल्ली आत गेली नव्हती.”

साहेबांनी नोंदवही मागवली, शेऱ्यावर आडवी रेघ मारली, खाली ‘किल्ली खरी आहे, दार उघडले’ असं लिहून तारीख टाकली आणि बाबांपुढे पेन धरलं. “काका, इथे तुमची सही लागेल.”

बाबांचं लक्षच नव्हतं. चष्मा कपाळावर सारून, नाक जवळजवळ पट्ट्यांना लावून ते मुलीला म्हणत होते, “परत अडकव गं ती पट्टी. सावकाश. मला बघू दे.”

कटरवाला दारात आला. कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही, तेव्हा त्याने सिलिंडर खाली ठेवला आणि तोही मागे उभा राहून मान उंचावून बघू लागला. साहेब पेन धरून थांबले.